देवाकडे खात्री मागितली म्हणजे श्रद्धा कमी पडली का?

प्रश्न थोडक्यात असा : यजमानांची बायपास ठरली आहे. आम्ही डोंबिवलीला असतो, मूळ गाव मालवण तालुक्यात. ऑपरेशन करावं की नाही म्हणून गावच्या देवळात कौल लावला, तो उजवा, म्हणजे होकाराचा, झाला. बरं वाटलं. पण आठ दिवसांनी पुन्हा धाकधूक सुरू झाली म्हणून दिरांना सांगून परत लावला, तर डावा, म्हणजे नकाराचा, झाला. तेव्हापासून झोप नाही. घरी देवापुढे चिठ्ठ्या टाकते, फूल कुठल्या बाजूला पडतं ते बघत बसते. थोरल्या जाऊबाई म्हणतात, "विश्वास असता तर इतक्यांदा विचारलंच नसतंस." माझी श्रद्धा खरंच कमी आहे का? आणि आता ऑपरेशन पुढे ढकलावं का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला तारीख चिकटलेली आहे. ऑपरेशन पुढे ढकलू नका. अँजिओग्राफीत जे दिसलं ते बघून डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे. तिथे शंका असेल तर दुसऱ्या हृदयशल्यचिकित्सकाला रिपोर्ट दाखवा, आणि तेही आजउद्याच. त्या शंकेचं निरसन करण्याची जागा ती. डावा कौल झाला म्हणून ब्लॉकेज थांबून राहत नाही.

आता पहिला प्रश्न. मी वारकरी परंपरेतला कीर्तनकार आहे, पण जन्म कोकणातला. गाऱ्हाणं, कौल, देवाचा हुकूम हे सगळं लहानपणापासून कानावर आहे, आणि पुढे आळंदीला शिकून आलो तरी त्यातलं काही मला परकं झालं नाही. कीर्तन आटोपल्यावर माणसं थांबतात, बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात. त्यांत तुमचा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. बहुतेकांना तो विचारायचीही लाज वाटते. देवाला "तू आहेस ना?" असं विचारणं म्हणजे तो नाही असं म्हणण्यासारखंच आहे, अशी काहीतरी समजूत मनात बसलेली असते. ती समजूत आपल्या परंपरेतली नाही, एवढं ठामपणे सांगतो. कशी ते पुढे सांगेन, पण आधी कौलाबद्दल बोलायला हवं. तुमची झोप त्याने उडवली आहे.

कौल कशासाठी असतो? तुम्ही पाहिलेलंच आहे, तरी वाचणारे सगळे कोकणातले नसतील. गुरव आंघोळ करून ओलेत्याने गाभाऱ्यात जातो. पाषाणाच्या किंवा मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी, उजव्या आणि डाव्या बाजूला, फुलाच्या पाकळ्या किंवा कळे पाण्याने चिकटवतो. कुठे तांदूळ लावतात, गोव्यात पाकळीचा प्रसाद म्हणतात. मग विचारणाऱ्याचं म्हणणं तो देवाच्या कानावर घालतो आणि सगळे गप्प उभे राहतात. कधी क्षणात पाकळी सुटते, कधी अर्धा तास जातो. समईची वात, पाषाणावरून ओघळणारं पाणी आणि सगळ्यांची त्या दोन पाकळ्यांवर खिळलेली नजर. पाकळी सुकली, पाण्याचं बोट सुटलं की ती पडते, हे गुरवाला ठाऊक असतं, तुम्हाला-मलाही ठाऊक आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या पडण्यात देवाचं मन कळतं असं मानून ज्याने प्रश्न टाकला, तो हात जोडून उत्तर घेतो आणि कामाला लागतो.

या "कामाला लागतो" मध्येच सगळं आलं. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण घ्या. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव घराला कडी लावून वेशीबाहेर पडतं. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं सगळी बरोबर. तीन दिवस, तीन रात्री रानात, माळावर झोपड्या घालून राहायचं. परत यायचं तेही कौल घेऊनच, आणि देवाने थांबवलं तर मुक्काम वाढतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर लाखोंची, पण तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख निघते आणि मग मुंबईत चाकरमान्यांची रेल्वे तिकिटासाठी धावपळ सुरू होते. दोन्हीकडे बघा, गाव एकदा विचारतं, उत्तर घेतं आणि सगळे मिळून उठतात. कौल झाल्यावर कुणी आठवड्याने जाऊन "देवा, नक्की ना?" म्हणत नाही.

जुने जाणते गुरव प्रश्न कसा टाकायचा याबद्दल फार काटेकोर असतात. "माझं भलं होईल का?" असला मोघम प्रश्न ते लावत नाहीत. त्याच गोष्टीसाठी लगेच दुसऱ्यांदा पाकळी लावायलाही का-कू करतात. म्हणतात, "देवान एकदा सांगल्यान मां?" या नियमामागे माणसाच्या मनाची मोठी जाण आहे. दोनदा विचारलं की दोन उत्तरं येण्याची वाट उघडते, आणि एकदा ती उघडली की तिसरं, चौथं विचारल्याशिवाय चैन पडत नाही. तुमचं तेच झालंय. डावा कौल म्हणजे देवाने शब्द फिरवला असं नाही, ताई. पहिल्या कौलाचा आधार घेऊन कामाला लागायचं होतं ते राहिलं, म्हणून मन पुन्हा दाराशी जाऊन उभं राहिलं. त्यात पाप नाही. घाबरलेलं माणूस तसंच करतं.

माझं एक मत आहे, आणि कोकणातल्या काही मंडळींना ते रुचत नाही. आजारात उपचार करावा की नाही, हा कौलाचा प्रश्नच नव्हे. ज्याचं उत्तर शोधण्यासाठी देवाने माणसाला बुद्धी दिली आहे, आणि ज्याचा अभ्यास करून माणसं डॉक्टर झाली आहेत, ते पाकळीवर टाकू नये. कुणी करणी केली, कुणाची नजर लागली, हे विचारायला लावलेला कौल तर मी कुठे दिसला तर तिथेच थांबवतो. त्या एका प्रश्नाने सख्खे भाऊ आयुष्यभर तोंड बघेनासे झालेले मी पाहिले आहेत, एखाद्या विधवा काकीचं गावात राहणं मुश्कील झालेलं पाहिलं आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने करणीचा आळ घेऊन एखाद्याचं जगणं नकोसं करणं गुन्हा ठरवलं. साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणंही. देव मानणाऱ्याला या कायद्याचा त्रास व्हायचं काही कारण नाही.

आता जाऊबाईंच्या बोलण्याकडे येतो. विश्वास असता तर विचारलं नसतं, हे त्यांचं म्हणणं ऐकायला पक्कं वाटतं. पण मग गीतेचं काय करायचं? अर्जुनाइतका जवळचा सखा नाही, समोर प्रत्यक्ष भगवंत उभा, आणि तरी अर्जुन काय म्हणतो बघा. दुसऱ्या अध्यायात म्हणतो, "यच्छ्रेयः स्यान्निश्चितं ब्रूहि तन्मे", माझ्या हिताचं काय ते नक्की सांग. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, "तदेकं वद निश्चित्य", एक काय ते ठरवून सांग. पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात पुन्हा, "तन्मे ब्रूहि सुनिश्चितम्". आता "निश्चित" पुरेना, "सुनिश्चित" हवं झालं! तीनदा तीच मागणी. कृष्णाने एकदाही म्हटलं नाही की तुझा माझ्यावर विश्वास नाही, ऊठ इथून. अकराव्यात तर अर्जुनाने विश्वरूपच बघायला मागितलं, ते दाखवल्यावर भेदरून "आवर ते, तुझं ते नेहमीचं रूप दाखव" म्हणाला, आणि देवाने तेही केलं. ज्ञानेश्वर माउलींनी हा भाग इतक्या मायेने रंगवला आहे की अर्जुनाच्या भिण्याची आपल्याला लाज वाटत नाही, उलट त्याच्याविषयी जिव्हाळा दाटून येतो.

पण तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा अठरावा अध्याय. तिथे त्रेसष्टाव्या श्लोकात देव म्हणतात, मी गुह्यातलं गुह्य ज्ञान तुला सांगितलं, त्याचा पूर्ण विचार कर आणि "यथेच्छसि तथा कुरु", तुला वाटेल तसं कर. एवढी सगळी गीता सांगून झाल्यावर निर्णय परत अर्जुनाच्याच हातात ठेवला. आणि त्यानंतर, तीनच श्लोकांनी, "मा शुचः" येतं. शोक करू नकोस. हा क्रम मी कीर्तनात मुद्दाम थांबून सांगतो. निर्णय त्याने आपल्यावर सोपवला आणि धीर स्वतः दिला. आपण बहुतेक वेळा उलटं मागतो. निर्णय देवाने घ्यावा, म्हणजे उद्या काही वाकडं झालं तर आपल्यावर बोल नको. तुम्ही पहिला कौल लावलात तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवं होतं, ते स्वतःला विचारून बघा. मला वाटतं, ऑपरेशन करायचं हे तुम्हाला आतून ठाऊक होतं. सही तुम्हाला करायची होती आणि त्या सहीच्या वेळी हात धरायला कुणीतरी हवं होतं.

हा हात मागण्यात कमीपणा कसला? आमच्या संतांनी तो इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने मागितला आहे. नामदेवराय देवाच्या दारात उभे राहून म्हणतात, पतितपावन असं तुझं नाव ऐकून आलो होतो, तू तसा नाहीस म्हणून परत चाललो. तुकोबा स्वतःला सासरी नांदणाऱ्या लेकीच्या जागी ठेवतात. दिवाळीला माहेरहून मूळ येईल म्हणून ती वाटेकडे डोळे लावून बसते, तशी मी पंढरीची वाट पाहतो. माहेर आहे हे तिला माहीत आहे. आई आहे, भाऊ आहे, कुणी तिला टाकलेली नाही. तरी न्यायला कुणी येतंय का म्हणून ती दहादा दारात येते. तिच्या त्या येरझारांना कुणी अविश्वास म्हणेल का?

तरीही जाऊबाईंच्या म्हणण्यात एक कण खरा आहे, आणि तो कुठला हे तुकोबांच्याच आयुष्यातून नीट कळतं. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला आणि तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ही कथा तुम्हाला माहीत आहे. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर बसून राहिले. अन्न नाही, पाणी नाही. ती शिळा देहूच्या शिळा मंदिरात आजही आहे, डोकं टेकवून या कधीतरी. तेव्हाचे त्यांचे अभंग वाचताना अंगावर काटा येतो. "तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पवसी अनंता मायबापा ॥" दगडाची खोळ पांघरून बसलास का रे, तुझ्यावर जीव देईन, हत्या तुझ्या माथी येईल, असंही पुढे म्हणतात. याहून कडक शब्दांत देवाकडे खात्री कुणी मागितली असेल? आणि हा माणूस कोण, तर दुष्काळात ज्याची बायको "अन्न अन्न" करत गेली, दिवाळं निघालं, तरी ज्याने विठोबाची पाठ सोडली नाही तो.

वह्या पाण्यावर आल्या, कोरड्या निघाल्या, असं परंपरा सांगते. रामेश्वरभट पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी रचलेली तुकोबांची आरती आम्ही आजही म्हणतो. "राघवें सागरात पाषाण तारिले, तैसे हे तुकोबाचे अभंग उदकीं रक्षिले." इथे कथा संपवून टाळ्या घेता येतात. पण तुकोबा इथे थांबले नाहीत. त्यानंतर ते काय म्हणाले ते ऐका : "थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला । जनाचिया बोलासाठीं । चित्त क्षोभविलें ॥"

जनाचिया बोलासाठी! हा शब्द तुकोबांनी उगाच घातलेला नाही. देवाला हाक मारली, रडलो, भांडलो, याचा त्यांना पश्चात्ताप नाही. लोक काय म्हणतील, मी खरा की खोटा हे लोकांपुढे सिद्ध व्हावं, यासाठी देवाला वेठीला धरलं, याची बोच आहे. त्याच अभंगाच्या शेवटी "उदकीं राखिले कागद । चुकविला जनवाद" असं म्हणून, तू तुझं ब्रीद खरं केलंस, अशी कृतज्ञतेची पावतीही ते देतात. एकाच अभंगात माफीही आहे आणि आभारही.

गाथेने यातलं काहीच गाळलेलं नाही. तेरा दिवसांची धमकी आहे आणि नंतरची माफीही आहे. दोन्ही अभंग आम्ही त्याच टाळ-मृदंगावर म्हणतो. ज्या परंपरेने तुकोबांची ही तगमग पुसली नाही, ती तुमच्या चिठ्ठ्यांवरून तुम्हाला दाराबाहेर काढेल का?

तर कण हा : तुम्ही दुसऱ्यांदा कौल लावलात तो कुणासाठी, हे बघा. स्वतःच्या काळजाला आधार हवा म्हणून असेल तर त्यात अन्याय कसला? पण "मी कौल घेऊनच केलं" असं उद्या सासरच्यांना दाखवता यावं म्हणून असेल, तर तो जनाचा बोल झाला. बायको म्हणून तुमच्यावर हे ओझं जास्त पडतं, हे मी जाणतो. आपल्याकडे पुरुषाचं आजारपण बायकोच्या पुण्याईला बांधायची वाईट खोड आहे. ऑपरेशन नीट झालं तर डॉक्टर हुशार, नाही झालं तर हिचाच काहीतरी दोष. हे ओझं देवाने घातलेलं नाही. सहीच्या वेळी दिरांना आणि मुलांना बरोबर बसवा, डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांनी एकत्र ऐकू दे, म्हणजे निर्णय घराचा होईल.

आता ज्याची तुम्हाला खरी भीती आहे ते. विचारूनही, हाक मारूनही झालं नाही तर? हे मी टाळणार नाही. "धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद" असं चोखोबांनी म्हटलं. पुढचीच ओळ, बडवे मला मारताहेत. ज्याच्या दारात हाक मारली त्याच दारात मार खात होते. विठू तेव्हा धावला का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारात, नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे उंबऱ्याच्या बाहेरच. त्यांच्या लेकरांना आत जायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. म्हणून मी कुणालाही "देवाला मनापासून विचार, होईलच" असं सांगत नाही. असं सांगणाऱ्यापासून तुम्हीही लांब राहा. मागितलेलं झालं नाही की तो तुमच्याच श्रद्धेत खोट काढणार. चोखोबांच्या श्रद्धेत खोट होती असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मग धीर कशाचा घ्यायचा? अक्कलकोटच्या स्वामींचं म्हणून जे वाक्य महाराष्ट्रभर रिक्षांवर, टेम्पोंवर, दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ते नीट वाचा. "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे." तुझं काम होईल, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. दुखणं जाईल, पैसा येईल, केस जिंकशील, यातलं काही नाही. तू एकटा नाहीस, एवढंच. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत "नुपेक्षी कदा राम दासाभिमानी" ही ओळ श्लोकामागून श्लोक परत परत येते. उपेक्षा करणार नाही, हाच तिचा अर्थ. मनाला एकदा सांगून भागत नाही हे समर्थांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. तेव्हा पुन्हा पुन्हा धीर मागा, दिवसातून शंभरदा मागा, काही हरकत नाही. हमी मागत बसू नका. हमी मागितली की प्रत्येक उत्तरातून पुढची शंका निघते, आणि चिठ्ठ्यांची वाटी रिकामी होत नाही.

चिठ्ठ्यांवरून एक काळजीचं बोलतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे सगळं ऑपरेशन ठरल्यापासूनचं दिसतं, आणि बहुधा ते पार पडल्यावर आपोआप ओसरेल. पण काही माणसांत ते ओसरत नाही. फूल पडलं तरी पुन्हा बघायचं, जप चुकला वाटून पहिल्यापासून मोजायचा, दिवा नीट लागला ना म्हणून चार वेळा देवघरात जायचं, आणि केलं नाही तर घरात कुणाचंतरी वाईट होईल असं वाटून छाती धडधडायची. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. तो आजार आहे, त्याला औषध आणि उपचार आहेत, आणि त्याचा श्रद्धेच्या कमी-जास्तपणाशी संबंध नाही. अशी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं बुवा-बाबांकडे फिरतात आणि प्रत्येक जण त्यांना आणखी एक नेम लावून देतो, म्हणजे आगीत तेलच. झोप परत आली नाही, किंवा चिठ्ठ्या सुटेनाशा झाल्या, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, 14416 वर, मराठीत बोलता येतं.

आज रात्रीपासून एवढं करा. चिठ्ठ्या आणि फुलाचं बघणं बंद. बंद करायचं म्हणजे मनाशी झगडत बसायचं नाही. हात तिकडे गेला की गाऱ्हाणं घालायचं. आपल्या मालवणी गाऱ्हाण्यात उत्तराची वाट बघायची नसते, हेच त्याचं मोठेपण. आपण सांगायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तुमच्यासाठी मी असं घातलं असतं :

"बा देवा म्हाराजा, तुझी ही लेक आज तुझ्या पायाकडे उभी आसा. घरधन्याचा मोठा काम काढलेला आसा. करूचा ता ठरवून झाला, आता परत इचारूक येणय नाय. डॉक्टरच्या हातात यश दी, हिच्या जिवात बळ दी. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि जा काय होयत त्येच्यात हिका एकटी टाकू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" म्हणायला मुलांना सांगा. आणि जमलं तर जाऊबाईंनाही. त्या तुम्हाला बोलल्या ते घाबरूनच बोलल्या असणार. यजमान त्यांचे दीरच ना.

इस्पितळातल्या काही गोष्टी, कारण तिथे भाविक मंडळींची नकळत गफलत होते. ऑपरेशनच्या आधी ठरलेल्या वेळेपासून पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. त्यात चमचाभर तीर्थ, प्रसादाचा कण, तुळशीचं पान हेही आलं. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून तो नियम आहे. तीर्थ आदल्या दिवशी द्या. यजमानांनी कुठलाही उपास धरायचा नाही, आणि तुम्हीही निर्जळी वगैरे करू नका, त्या दिवशी तुम्हाला तासन्‌तास उभं राहायचं आहे. हातातला गंडा, लाल दोरा, गळ्यातली माळ थिएटरमध्ये जाण्याआधी काढायला लावतात. कापला तरी अपशकुन मानू नका, आधीच स्वतःच्या हाताने सोडवून पिशवीत ठेवलात तर बरं. वारकऱ्यांनासुद्धा मी हेच सांगतो, माळ उशाशी ठेवा. आयसीयूत अंगारा न्यायचा नाही, जखमेजवळ तर अजिबात नाही. जंतूला अंगारा आणि माती यांतला फरक कळत नाही. भेटायला सोडतील तेव्हा हात धुऊन जा आणि कानाशी हळूच नाव घ्या. नळी असेल तर त्यांना बोलता येणार नाही, पण ऐकू येत असतं.

बाहेर थांबाल तेव्हा हरिपाठ म्हणा. पाठ नसेल तर मोबाइलवर लावा, एक कान मोकळा ठेवून, कारण नाव पुकारतात. ऑपरेशन तीन ते सहा तास चालू शकतं. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ उलटली की लगेच वाईट समजू नका, आत नेण्यात आणि तयारीतही वेळ जातो.

नवस बोलला असाल, आणि मला वाटतं बोलला असाल, तर तो फेडायची घाई करू नका. छातीचं हाड चिरलेलं असतं, ते नीट जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोपर्यंत यजमानांनी जड उचलायचं नाही, आणि घाटरस्त्याचा लांबचा प्रवास, देवळाच्या पायऱ्या, जत्रेतली रेटारेटी, लोटांगण हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. मधल्या काळात दिरांना सांगून देवळात नारळ ठेवून घ्या आणि गुरवांना निरोप द्या की कौल लावायचा नाही, नुसतं सांगणं करायचं आहे.